कै. गोपाळबाबा वलंगकर

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या आधीं होऊन गेलेल्यांचें ऋण आठवावें, हें उचितच होय. अशा पुरुषांपैकीं गोपाळबाबा वलंगकर हे एक होत. महाड तालुक्यांतील रावढळ या गांवीं, सन १८४० च्या सुमारास, एका महार कुटुंबांत त्यांचा जन्म झाला.

त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या मुलास सार्वजनिक पाणवठा बंद असे व विद्येची वाटही बहुधा बंदच असे. पलटणींत मात्र शिपायास बंदुकीबरोबर अक्षरओळखही लाभे. कोंकणांतील पुष्कळ महार तरुणांनीं हा मार्ग धरिला. गोपाळबाबाही सैन्यांत शिरले. १८८६ सालीं निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

पेन्शन मिळाल्यावर मनुष्यानें घरसंसारांत सुखानें रमावें, हें स्वाभाविक आहे. गोपाळबाबांनीं आपल्या साऱ्या पीडित बांधवांनाच कुटुंब मानिलें. ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांत त्यांनीं लेख लिहिले. लोकांस जागें करण्यासाठीं पद्यें रचिलीं. आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. १८८८ च्या सुमारास ‘विटाळविध्वंसन’ लिहून, माणसाच्या स्पर्शानें माणूस बाटतो याला आधार काय, असें त्यांनीं उच्चवर्णीयांस सरळ विचारलें.

पुढें सरकारनें महारांची सैन्यभरती थांबविली. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरांची भाकरी व प्रतिष्ठा दोन्ही एकदम गेलीं. तेव्हां १८९४ सालीं गोपाळबाबांनीं मुंबई सैन्याच्या सेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला व पूर्वजांच्या सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हां सुरू करण्याची मागणी मांडिली. १८९५ सालीं महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. उच्चवर्णीय सभासदांस ती रुचली नाहीं व वर्तमानपत्रांतूनही तिजवर बराच वाद माजला. ज्या तालुक्याच्या पाणवठ्यावर त्यांना उभें राहतां येत नव्हतें, त्याच तालुक्याच्या कारभारांत त्यांना आतां जागा मिळाली होती.

१९०० सालीं रावढळ येथेंच त्यांनीं देह ठेविला. श्रमांचें फळ त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. त्यांच्याच नात्यांतील रमाबाई पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्या अर्जानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं, १९४१ सालीं, महार रेजिमेंट उभी राहिली.

वाचकहो, महाड–पोलादपूरच्या वाटेनें जातांना आपण रायगडाकडे आदरानें पाहतों, चवदार तळ्यापाशीं क्षणभर थांबतों. मुलाबाळांस त्या स्थळांच्या कथा सांगतांना रावढळच्या या वृद्ध शिपायाचेंही नांव अवश्य सांगावें. जें पाणी त्यांच्या ओठीं लागलें नाहीं, त्यासाठीं ते अखेरपर्यंत झटले.