हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण सहज बोलून जातो. ‘हौशी’ हा शब्दही आपल्याकडे जरा सैलपणेच वापरला जातो. हौशी नट, हौशी गायक, हौशी चित्रकार. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग दुसराच. हे आपले फावल्या वेळचे. जमले तर जमले, नाही तर राहिले. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना विचारा. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री तालमीला उभा राहणारा माणूस स्पर्धेच्या दिवशी विंगेत कसा घामाघूम होतो, हे त्यांना ठाऊक असते. त्याला नाटकाचा एक पैसाही मिळणार नसतो. तरी त्याच्या पोटात येणारा गोळा खराच असतो.

हौस आणि चुरस एका माणसाच्या अंगात एकत्र नांदू लागल्या, तर त्या त्याच्याकडून काय काय वसूल करतात? याचे उत्तर शोधताना एक अमेरिकन वकील आठवतो. जगातला सर्वश्रेष्ठ गोल्फपटू म्हणून तो गाजला, पण स्पर्धा खेळण्याच्या साऱ्या वर्षांत त्याने बक्षिसाचा एक डॉलरही घेतला नाही. त्याचे नाव रॉबर्ट टायर जोन्स. जगासाठी बॉबी जोन्स.

गोल्फ हा काही आपल्या घरोघरचा खेळ नाही. पण त्याचे सूत्र साधे आहे. मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. तुमचा चेंडू कोणी अडवत नाही की कोणी तुमच्या अंगावर धावून येत नाही. चेंडू जागच्या जागी निमूट पडून असतो आणि विचार करायला वेळ भरपूर असतो. घात होतो तो तिथेच. या खेळात माणसाचा शत्रू दोन कानांच्या मधोमध बसलेला असतो.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात १७ मार्च १९०२ रोजी बॉबीचा जन्म झाला. पोर इतके नाजूक की पहिली काही वर्षे त्याला नीट घट्ट अन्नही पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून आईवडिलांनी ईस्ट लेक येथील गोल्फच्या मैदानालगत उन्हाळ्यासाठी बिऱ्हाड केले. तेथे कार्नूस्टी गावाहून आलेला स्ट्युअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू होता. बॉबी त्याच्या मागे मागे फिरे, त्याचा फटका न्याहाळे आणि घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करी. रीतसर शिकवणी अशी त्याने कधी घेतलीच नाही. जगातला सर्वांत देखणा म्हणून पुढे ज्याचे कौतुक झाले, तो फटका एका मुलाने खेळता खेळता उचललेला होता.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १९१६ साली, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन येथे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲमॅच्युअर स्पर्धेत, म्हणजे हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत, उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. मात्र या गोड मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता. फटका चुकला की हातातली स्टिक भिरकावून द्यायची, ही त्याची खोड. १९२१ साली अमेरिकेतील एका सामन्यात अशीच भिरकावलेली स्टिक उसळून एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागली आणि राष्ट्रीय संघटनेने त्याला सक्त ताकीद दिली. त्याच वर्षी गोल्फची पंढरी म्हणावी अशा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन स्पर्धेत तो वाळूच्या खड्ड्यात असा काही अडकला की वैतागून त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धाच सोडली. आयुष्यभर त्याला या प्रसंगाची लाज वाटत राहिली.

गुण सारे होते, पण विजय नव्हता. १९१६ ते १९२२ या सात वर्षांत एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. अटलांटाचा पत्रकार ओ. बी. कीलर त्याच्याबरोबर सर्वत्र हिंडे आणि हे सारे टिपून ठेवी. १९२३ साली न्यूयॉर्कजवळ इनवूड येथे अमेरिकन ओपनमध्ये विजय हाताशी आला, तर अखेरच्या होलवर सहा फटके घालवून बॉबीने तो सोडून दिला. बॉबी क्रुकशँक या व्यावसायिक खेळाडूशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा अठरा होल खेळले आणि शेवटच्या होलपर्यंत पुन्हा बरोबरी. बॉबीचा चेंडू गवताच्या कडेला मातीवर पडलेला, समोर पाणी आणि त्यापलीकडे सुमारे १९० यार्डांवर होल. फार विचार न करता त्याने फटका मारला. चेंडू पाण्यावरून जाऊन होलपासून काही फुटांवर थांबला. दुष्काळ संपला तो त्या फटक्याने.

त्यानंतरच्या आठ वर्षांत, १९२३ ते १९३० या काळात, त्याने त्या वेळच्या चार मोठ्या स्पर्धांची मिळून तेरा विजेतेपदे मिळवली. चार अमेरिकन ओपन, तीन ब्रिटिश ओपन, पाच अमेरिकन ॲमॅच्युअर आणि एक ब्रिटिश ॲमॅच्युअर. यांतील दोन्ही ओपन स्पर्धांत त्याची गाठ थेट पोटासाठी खेळणाऱ्या व्यावसायिकांशी होती. याच काळात तो करीत काय होता? जॉर्जिया टेकमधून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी त्याने १९२२ सालीच घेतली होती. मग हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. १९२४ साली मेरी मलोनशी लग्न केले. नंतर एमरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि पदवीपूर्वीच वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन तो वडिलांच्या कचेरीत रुजू झाला. वर्षातला फार थोडा काळ तो स्पर्धा खेळे. एरवी शनिवार-रविवारी वडील आणि मित्रमंडळी यांच्यासह ईस्ट लेकला फेरी मारायची, थट्टामस्करी करायची, एखादा पेला घ्यायचा आणि सोमवारी पुन्हा दाव्यांच्या कागदांत डोके घालायचे.

गोल्फ आणि स्पर्धेतले गोल्फ हे दोन अगदी वेगळे खेळ आहेत, असे त्याचे ठाम मत होते. त्याच्याइतक्या अधिकाराने हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता, कारण हे दोन्ही खेळ तो एकाच शरीराने खेळत होता. मित्रांबरोबरच्या फेरीत त्याची भूक वाढे. स्पर्धेच्या दिवशी घास घशाखाली उतरत नसे. एकेका स्पर्धेत त्याचे वजन काही किलोंनी उतरे. सिगारेटीवर सिगारेट चाले. १९२६ साली कोलंबस येथील अमेरिकन ओपनमध्ये अखेरची फेरी संपवून तो हॉटेलवर परतला. इतरांचे निकाल यायचे होते. खोलीत त्याचा बांध फुटला आणि चोवीस वर्षांचा हा बाप्या हुंदके देऊन रडू लागला. आई जवळच होती. आता हे स्पर्धांचे पुरे झाले, असे त्या माउलीने तेव्हाच ठरवून टाकले. थोड्या वेळाने निकाल आला: बॉबी एका फटक्याने जिंकला होता.

त्याच्या शेजारी वॉल्टर हेगनला उभे करून पाहावे. हेगन हाडाचा व्यावसायिक, ऐटबाज कपड्यांचा आणि मेजवान्यांचा शौकीन. फेरीत चार-सहा फटके चुकायचेच, हे तो आधीच धरून चाले. १९२६ साली फ्लोरिडात या दोघांचा ७२ होलचा सामना झाला आणि हेगनने जोन्सचा धुव्वा उडवला. पैशासाठी खेळणारा मजेत होता आणि मजेसाठी खेळणारा झुरत होता. व्यावसायिकाला उद्या दुसरी स्पर्धा असते. आजची हार हा धंद्यातला तोटा असतो. हौशी माणसाला असा हिशेब मांडता येत नाही. तो पणाला लावतो ते स्वतःलाच.

बॉबीचा हा कस सर्वांत लखलखीत दिसला तो एका पराभवात. १९२५ साली वूस्टर येथील अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत गवतात पडलेला त्याचा चेंडू फटक्यापूर्वी किंचित हलला. पाहिले ते फक्त त्याने. पंचांना दिसले नव्हते, तरी त्याने हट्टाने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत एका फटक्याने तो हरला. तो दंड घेतला नसता तर बरोबरीचा प्रश्नच नव्हता. लोक वाहवा करू लागले तेव्हा त्याला ते मुळीच रुचले नाही. चोरी केली नाही म्हणून कोणी कोणाचा सत्कार करतो का, असा त्याचा सवाल होता. अटलांटाच्या चाहत्यांनी घरासाठी ५० हजार डॉलर देऊ केले, तेही अखेर त्याने स्वीकारले नाहीत. हौशी या शब्दाचा त्याने लावलेला अर्थ हा असा होता.

मग आले १९३० साल. मेअखेर सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ॲमॅच्युअर, जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन, जुलैत मिनियापोलिसजवळ इंटरलॅकनला अमेरिकन ओपन. इंटरलॅकनला ऊन असे भयंकर की घामाने भिजून आवळलेली त्याच्या गळ्यातील टायची गाठ सुटेना. कीलरने ती चाकूने कापली. २७ सप्टेंबरला, ज्या मेरियनवर चौदा वर्षांचा पोरगा म्हणून तो प्रथम खेळला होता तेथेच, त्याने युजीन होमन्सला हरवून अमेरिकन ॲमॅच्युअर जिंकली. गर्दीतून त्याला सुखरूप बाहेर काढायला मरीन सैनिकांना कडे करावे लागले. एका वर्षात चारही स्पर्धा! त्याआधी कोणाला ते जमले नव्हते आणि त्यानंतरही जमलेले नाही. ब्रिजच्या खेळातला ‘ग्रँड स्लॅम’ हा शब्द गोल्फमध्ये रुळला तो या पराक्रमामुळे.

१७ नोव्हेंबर १९३० रोजी जोन्सने निवृत्ती जाहीर केली. वय अवघे अठ्ठावीस. जगाला धक्का बसला, पण त्याच्या आईला बसला नसावा. आता मात्र त्याने उघडपणे पैसे घेतले. वॉर्नर ब्रदर्ससाठी गोल्फ शिकवणारे लघुपट केले आणि स्पाल्डिंग कंपनीसाठी स्टिक घडवण्यात लक्ष घातले. खेळाशी असलेला पहिला करार पुरा केल्यावरच त्याने दुसरा केला.

खरी ओढ होती ती हरवलेल्या रविवारांची. क्लिफर्ड रॉबर्ट्स या मित्राच्या साथीने त्याने ऑगस्टा येथे एका जुन्या रोपवाटिकेची ३६५ एकर जमीन मिळवली आणि ॲलिस्टर मॅकेन्झी या वास्तुरचनाकाराबरोबर मैदान आखले. चांगल्या खेळाडूची परीक्षा व्हावी, पण साध्या हौशी माणसालाही फेरीचा आनंद मिळावा, ही कल्पना. म्हणून ऐसपैस हिरवळी आणि वाळूचे खड्डे मोजकेच. तेथे १९३४ साली आमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली आणि तीच पुढे ‘मास्टर्स’ म्हणून जगातल्या सर्वांत चुरशीच्या स्पर्धांपैकी एक ठरली. स्वतः जोन्सचा पहिल्या वर्षी १३वा क्रमांक आला. चुरशीपासून पळालेल्या माणसाच्या अंगणातच चुरशीने घर केले. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खेळाच्या सचोटीचे हे प्रतीक होते, पण त्याचे दार सर्वांना उघडे नव्हते. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली खेळला. क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० साली आणि पहिल्या महिला सदस्य २०१२ साली घेतल्या. स्वतःच्या चेंडूची केसभर हालचाल टिपणाऱ्या जोन्सने आपल्या भोवतालचा हा अन्याय मात्र चालवून घेतला.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाताना त्याला सेंट अँड्र्यूजला एक निवांत फेरी मारण्याची लहर आली. गावात कुणकुण लागली. दुकाने बंद झाली आणि तो पहिल्या होलवर आला तो समोर हजारो माणसे. पंधरा वर्षांपूर्वी येथूनच तो चेंडू उचलून निघून गेला होता; १९२७ साली येथेच ब्रिटिश ओपन जिंकून त्याने चषक वर्षभर या गावातच ठेवायला दिला होता. त्या दिवशी ना स्पर्धा होती ना बक्षीस. तरीही जुना जोन्स लोकांना पुन्हा दिसला. निवांत फेरी मात्र राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या महायुद्धात चाळिशी ओलांडलेला हा माणूस लष्करात गेला आणि नॉर्मंडीपर्यंत जाऊन आला. परतल्यावर हातापायांतली शक्ती हळूहळू जाऊ लागली. ऑगस्ट १९४८ मध्ये ईस्ट लेकला मित्रांबरोबर तो अखेरची फेरी खेळला. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे निदान झाले सिरिंगोमायलिया या कण्याच्या असाध्य विकाराचे. आधी एक काठी, मग दोन, मग चाकांची खुर्ची. तेवीस वर्षे त्याने हे कुरकुर न करता सोसले. तरुणपणी चुकलेल्या एका फटक्यावरून आकाशपाताळ एक करणारा हाच तो मुलगा, यावर विश्वास बसू नये.

१९५८ साली सेंट अँड्र्यूजने त्याला नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. समारंभानंतर तो सभागृहाबाहेर पडू लागला, तेव्हा सारे सभागृह निरोपाचे एक जुने स्कॉटिश गाणे गाऊ लागले. तो पुन्हा येणार नाही, हे गाणाऱ्यांनाही कळत होते आणि त्यालाही.

१८ डिसेंबर १९७१ रोजी बॉबी जोन्स गेला. बातमी सेंट अँड्र्यूजला पोचली तेव्हा क्लबचा ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आला आणि मैदानावरचा खेळ थांबला. डिसेंबरचे दिवस, कुठली मोठी स्पर्धा चालू नव्हती. रोजची फेरी मारायला आलेली चार माणसे थंडीत आपापल्या चेंडूपाशी उभी राहिली. आपल्यातला एक गेला, हे त्या हौशी मंडळींना कोणी समजावून सांगावे लागले नाही.