ईलाय व्हिटनी व कापसाचें यंत्र

आज आम्ही वाचकांपुढें अशा गृहस्थाचें चरित्र ठेवितों कीं, ज्यानें बोटांचे श्रम वांचविले, पण ज्याच्या यंत्रामुळें लाखों माणसांच्या मानेवरचें जूं अधिक जड झालें.

ईलाय व्हिटनी ह्यांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत शेतकऱ्याच्या घरीं १७६५ सालीं झाला. स्वातंत्र्ययुद्धाच्या दिवसांत ह्या हुशार मुलानें घरींच खिळे घडवून विकिले. पुढें १७९२ सालीं येल कॉलेजांतून पदवी घेऊन ते दक्षिणेस जॉर्जियांत गेले व जनरल ग्रीन ह्यांच्या विधवा पत्नीच्या मळ्यावर राहिले. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईस घट्ट चिकटलेली असे. दिवसभर बसून एका मनुष्याच्या हातून जेमतेम एक रत्तल रुई निघे. व्हिटनी ह्यांनीं १७९३ सालीं तारेचे दांत बसविलेला रूळ लावून यंत्र केलें. दांत रुई ओढून नेत व सरकी मागें राही. एकट्यानें दिवसास सुमारें ५० रत्तल रुई निघूं लागली.

१७९४ सालीं पेटंट मिळालें, तरी लोकांनीं नक्कल केली व व्हिटनी ह्यांचीं वर्षें कज्जांत गेलीं. मग १७९८ सालीं त्यांनीं सरकारास १०,००० बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. त्या पुऱ्या होण्यास १८०९ साल उजाडलें. एका बंदुकीचा भाग दुसरीस बसावा, ही त्यांची इच्छा पूर्णपणें साधली नाहीं, पण ती कल्पना उत्तरेच्या कारखान्यांत रुजली. १८२५ सालीं ते वारले.

इकडे सरकी काढणें सोपें झालें, पण कापूस पेरणें व वेंचणें हातांनींच चाले. मळेवाल्यांचा लोभ वाढला. १७९० सालीं त्या देशांत सुमारें ७ लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते सुमारें ४० लक्ष झाले. उत्तरेच्या गिरण्या तोच कापूस विणीत, म्हणून नफ्याचा वांटा उत्तरेसही पोंचे. शेवटीं १८६१ सालीं दक्षिण व उत्तर एकमेकांवर उठलीं. तिकडचा कापूस अडला म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला तो ह्याच युद्धांत. १८६५ सालीं, लाखों प्राण गेल्यावर, गुलामगिरी कायद्यानें बंद झाली.

यंत्रास आम्ही दोष देत नाहीं. बुद्धि ही देवाची देणगी आहे. परंतु नफा हातीं येतांना तो कोणाच्या पाठीवरून आला, हें त्या देशांतील पुष्कळ भक्तिमान लोकांनीं विचारलें नाहीं. बंधुभगिनींनो, आपल्या शेतांत मजूर राबतो तेव्हां आपण तें विचारतों काय?