महिनाभराचा ताप आणि अचानक लकवा : हृदय-मेंदूचं हे कोडं शवागारात उभं राहून सोडवणारा डॉ. ऑस्लर

समजा, भोकर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची पंचविशीतली बाई आहे. महिनाभर ताप येतोय, जातोय. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सलाईन लावलं, टायफॉइड असेल म्हणून आठ दिवस अँटिबायोटिक दिलं. ताप उतरला आणि परत चढला. वजन घटलं, चालताना दम लागायला लागला. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, हे आता घरात कुणाच्या लक्षातही नाही. आणि एके दिवशी सकाळी चूल पेटवताना तिच्या हातातून काडेपेटी गळून पडते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद.

घरचे म्हणतात, लकवा मारला. कुणी झाडपाल्याच्या औषधाला न्यायचं म्हणतं, कुणी नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडे. पण दुखण्याचं मूळ मेंदूत नसतंच, ते असतं हृदयाच्या झडपेवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसली ही गत.

या आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. आणि तो अंगभर कसा पसरतो याचा नीट हिशोब ज्यानं मांडला, त्याची ही गोष्ट.

विल्यम ऑस्लर. जन्म १२ जुलै १८४९, कॅनडातल्या बाँड हेड नावाच्या खेड्यात. वडील आधी नौदलात आणि मग धर्मोपदेशक झालेले, घरात पोरांचा गोतावळा. पोरगं इतकं द्वाड की एका शाळेतून काढून टाकलं होतं. पुढं वडिलांसारखं धर्मोपदेशक व्हायचं ठरलं, पण एका शिक्षकानं हातात मायक्रोस्कोप दिला आणि गाडी डॉक्टरकीकडं वळली. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतली, मग लंडन, बर्लिन, व्हिएन्ना. बर्लिनला त्यानं रुडॉल्फ व्हिर्को या नामांकित डॉक्टरचं काम जवळून पाहिलं.

लंडनला असताना त्यानं रक्तातल्या प्लेटलेट्सचं फार बारकाईनं वर्णन केलं, १८७४ मध्ये. डेंग्यूच्या साथीत आपण रोज ज्यांचे आकडे विचारतो, त्याच या प्लेटलेट्स. त्या एकमेकींना चिकटून गुठळी करतात, हे त्याला दिसलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माँट्रियलला परतल्यावर तो प्राध्यापक झाला. देवीच्या रोग्यांच्या वॉर्डात काम करण्याचे जादा पैसे मिळाले, ते त्यानं विद्यार्थ्यांसाठी मायक्रोस्कोप घ्यायला घातले. आणि स्वतः शवागारात उभा राहिला. दिवसा रोगी तपासायचा, तो दगावला की शवविच्छेदन करून आपलं निदान कुठं चुकलं ते बघायचं. आठशेच्या आसपास शवविच्छेदनं त्यानं तिथं केली. आपलीच चूक रोज उघडून बघायची हिंमत फार थोड्या डॉक्टरांत असते.

त्यात एक आजार त्याच्या मागेच लागला. हिवताप किंवा विषमज्वर म्हणून मेलेल्या माणसाचं हृदय उघडावं, तर झडपेवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढ. बहुतेक वेळा झडप आधीच खराब, अनेकदा लहानपणीच्या सांधेतापानं. इथं त्या प्लेटलेट्स आठवा. खरबरीत झडपेवर प्लेटलेट्स चिकटतात, रक्तात शिरलेले जंतू त्यांच्यावर घर करतात, वर परत प्लेटलेट्सचा थर बसतो. याला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा आपटतं, त्यात या तुऱ्याचा तुकडा तुटला की रक्ताबरोबर सुटतो. किडनीत जाईल, प्लीहेत जाईल, किंवा मानेतून वर मेंदूत.

हृदयातून सुटलेला तुकडा मेंदूची रक्तवाहिनी बंद करतो, हे लंडनच्या डॉ. कर्क्स यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं. ऑस्लरनं केलं ते असं, की सुट्या सुट्या नोंदी, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या, एकत्र आणून अख्ख्या आजाराचं चित्र उभं केलं. १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याची तीन व्याख्यानं झाली. वय पस्तीस. हा आजार टायफॉइडचं, मलेरियाचं, मेंदूज्वराचं सोंग घेऊन येतो, आणि कधी कधी पहिलं लक्षणच लकवा असतं, हे तिथं नीट मांडलं गेलं. जंतूंमुळं रक्तवाहिनीची भिंत कुजून फुग्यासारखी फुगते, त्याला त्यानं मायकोटिक अ‍ॅन्युरिझम म्हटलं. नावात बुरशी आहे, पण काम बहुतेक वेळा जिवाणूंचं असतं. नाव मात्र आजही तेच चालतं. त्यानं वर्णन केलेला फुगा छातीतल्या महाधमनीत होता. असाच फुगा मेंदूत झाला आणि फुटला, तर रक्तस्राव.

मधल्या काळात त्याचं नाव झालं होतं. १८८४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं तेव्हा जावं की नको म्हणून त्यानं नाणं उडवलं, असा किस्सा सांगतात. १८८९ मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला गेला. विद्यार्थ्याला वर्गातून उठवून रोग्याच्या खाटेशी उभं करायची पद्धत त्यानं तिथं रुजवली. आज कुठल्याही मेडिकल कॉलेजात सकाळच्या राउंडला सरांमागं पोरांची रांग दिसते, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. १८९२ चं त्याचं वैद्यकाचं पुस्तक जगभर गेलं. १९०५ पासून तो ऑक्सफर्डला प्राध्यापक होता.

१९०९ मध्ये त्यानं या आजाराची आणखी एक खूण लिहिली. बोटांच्या टोकाला वाटाण्याएवढ्या लालसर, दुखऱ्या गाठी येतात आणि दोन-चार दिवसांत जातात. आधी हॅमिल्टनच्या डॉ. मुलेन यांनी त्या पाहिल्या होत्या, हेही त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं. नाव मात्र ऑस्लर नोड्स पडलं.

एवढं सगळं कळलं, पण उपाय? शून्य. ऑस्लर ओळखायचा आणि रोगी मरायचा. १९११ मध्ये व्हिएन्नाचा मोठा संगीतकार गुस्टाव माहलर न्यूयॉर्कमध्ये तापानं पडला. रक्ताचं कल्चर केलं, त्यात स्ट्रेप्टोकोकस सापडला, निदान पक्कं झालं. तीन महिन्यांत तो गेला.

पेनिसिलीन १९४० च्या दशकात आलं आणि हे चित्र पालटलं. १९६५ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी संसर्ग चालू असतानाच सडलेली झडप काढून कृत्रिम झडप बसवली. आणि तिथं ऑस्लरच्या शवागारातलं कोडं नव्या रूपात उभं राहिलं.

ऑपरेशनसाठी हार्ट-लंग मशीन लागतं. त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावं लागतं. पण रोग्याच्या मेंदूत आधीच तुकडा जाऊन बसला असेल, तर हेपारिननं तिथं रक्तस्राव होऊ शकतो. थांबावं, तर झडपेवरचा दुसरा तुकडा सुटू शकतो, किंवा हृदयच बंद पडू शकतं. इकडं आड, तिकडं विहीर. एंडोकार्डायटिसच्या दर शंभर रोग्यांत पंधरा ते तीस जणांना मेंदूचा त्रास होतो, म्हणजे हा पेच विरळा नाही.

पूर्वी सरसकट थांबायचे. आताची दिशा अशी, की आधी मेंदूचा सीटी किंवा एमआरआय काढायचा. नुसती वाहिनी बंद झाली असेल, रक्तस्राव नसेल, रोगी कोमात नसेल आणि हृदयाला निकड असेल, तर ऑपरेशन लांबवू नये. मोठा रक्तस्राव झाला असेल, तर शक्यतो महिनाभर थांबावं. तुकडे सुटायचा धोका अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच झपाट्यानं उतरतो, म्हणून तुरा एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर हृदयाचे सर्जन घाई करतात. आणखी एक गोष्ट : नेहमीच्या लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते या लकव्यात धोक्याचं असतं. म्हणून दवाखान्यात पोचल्यावर महिनाभर ताप होता, लहानपणी सांधे सुजायचे, झडपेचा त्रास आहे, हे न विचारताही सांगायचं. आणि ताप लांबला, त्यात झडप खराब असल्याचं माहीत असेल, तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर आणि मग टूडी इको करून घ्यायचा. आधीच गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. आपल्या त्या तांड्यावरच्या बाईचं नेमकं हेच झालं असतं.

ऑस्लरचा शेवट सुखाचा नव्हता. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१७ मध्ये, त्याचा एकुलता एक मुलगा रेव्हिअर बेल्जियममध्ये तोफगोळ्यानं जखमी झाला. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे हार्वे कुशिंग त्याच्या उशाशी होते, पण जखमा पोटाला आणि छातीला होत्या. पोरगा वाचला नाही. कुशिंग यांनीच पुढं ऑस्लरचं चरित्र लिहिलं, त्याला पुलित्झर मिळालं.

२९ डिसेंबर १९१९ ला न्यूमोनियानं ऑस्लर ऑक्सफर्डमध्ये वारला. वय सत्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची शवविच्छेदनं करणाऱ्या या माणसाचं शवविच्छेदन झालं, आणि त्याचा मेंदू अभ्यासासाठी फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटला पाठवण्यात आला.