न्यायाधीश वेरिंग

अमेरिकेच्या दक्षिण भागात, अटलांटिक महासागराच्या काठी चार्ल्सटन नावाचे जुने शहर आहे. तेथील एका प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यात २७ जुलै १८८० रोजी ज्युलियस वेटीझ वेरिंग यांचा जन्म झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून झालेल्या यादवी युद्धात त्यांचे वडील दक्षिणेच्या बाजूने लढले होते. युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली. परंतु पुढे गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, गाडीतील जागा निराळ्या, अशी रीत दक्षिणेत रूढ झाली. या रीतीत काही अन्याय आहे, असे वेरिंग यांना पुष्कळ वर्षे वाटले नाही.

शिक्षण संपवून ते वकील झाले. १९४२ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, संघराज्याच्या न्यायालयात त्यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली.

१९४६ साली त्यांच्यापुढे एक हृदयद्रावक खटला आला. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक महायुद्धातून परतत होता. त्याच्या अंगावर लष्करी गणवेश होता. वाटेत बसच्या चालकाशी त्याची बोलाचाली झाली, तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला इतके मारले की, त्याचे दोन्ही डोळे गेले. तरीही सर्वच्या सर्व गोऱ्या पंचांनी अर्ध्या तासाच्या आत त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरविले. पंचांचा निकाल बदलणे न्यायाधीशांच्या हाती नव्हते. वेरिंग यांचे अंतःकरण हेलावून गेले. आपल्या समाजाच्या चालीरीतींचा ते नव्याने विचार करू लागले.

१९४७ साली पक्षाच्या उमेदवार-निवडीत कृष्णवर्णीयांनाही मत देण्याचा हक्क आहे, असा निर्णय त्यांनी दिला. त्या राज्यात एकाच पक्षाचे उमेदवार निवडून येत. त्यामुळे खरी निवडणूक तीच होती. या निर्णयाने गोरा समाज खवळला. जुन्या मित्रांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. १९५० साली त्यांच्या घरावर दगड पडले. तथापि वेरिंग डगमगले नाहीत.

त्याच राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी तीस बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. ती कित्येक मैल पायी चालत. त्यांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली. केवळ समान सोयी मागण्यापेक्षा वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान द्यावे, असे वेरिंग यांनी त्यांचे वकील थर्गुड मार्शल यांना सुचविले. १९५१ साली तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. दोघांनी वेगळ्या शाळा कायदेशीर ठरविल्या. एकट्या वेरिंग यांनी विरुद्ध मत लिहिले: मुलांना वेगळे ठेवणे हीच मुळात विषमता होय.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि जन्मगाव सोडून न्यूयॉर्कला गेले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने वेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरविली. पराभूत ठरलेले एकट्याचे मत तीनच वर्षांत देशाचा कायदा झाले.

११ जानेवारी १९६८ रोजी वेरिंग यांचे निधन झाले. चार्ल्सटनमध्ये त्यांचा दफनविधी झाला, तेव्हा गोरे लोक मोजकेच होते. परंतु कृष्णवर्णीय सुमारे दोनशे जमले होते. २०१५ साली त्याच शहरातील न्यायालयाच्या इमारतीला वेरिंग यांचे नाव देण्यात आले. ज्या गावाने त्यांना दूर लोटले, त्याच गावाने अखेर त्यांची न्यायनिष्ठा ओळखली.