न्या. बद्रुद्दीन तय्यबजी

लोकमान्य टिळकांना 1897 साली जामीन देणारे न्यायमूर्ती म्हणून बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या समाजावर त्यांचे उपकार त्याहून जुने आहेत.

जन्म मुंबईचा, 1844 चा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन 1867 साली ते परतले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. 1874 मध्ये वडील बंधू कमरुद्दीन व नाखुदा महंमद अली रोगे आदींसमवेत त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. पहिली शाळा मात्र निघाली 1880 साली! संस्था काढली की लगेच फळ मागणाऱ्या आपल्या मंडळींनी ही सहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

नुसत्या तक्रारीवर त्यांचा भर नव्हता. 1882 च्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुसलमान शिक्षणात मागे का, याची कारणे त्यांनी मांडली. बोरीबंदरसमोरची अंजुमनची भव्य इमारत 1893 मध्ये उभी राहिली. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शाळेत धाडले. त्या काळी हे सोपे नव्हते.

1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खानांचा याला कडवा विरोध होता. बद्रुद्दीन रागावले नाहीत, पत्रव्यवहार करीत राहिले. शिवाय मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असलेला विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नये, असा नियम 1888 मध्ये करून घेतला. सभेत राहून आपले म्हणणे नियमात बसवणे, हे खरे कसब.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1906 साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. अंजुमनच्या शाळा चालूच राहिल्या.