विद्यार्थ्यांचा सोबती : धन्य फ्रेडरिक ओझानाम



जून महिना आला की आपली मुले-मुली कॉलेजात दाखल होतात. कुणी रोज गाडीने ये-जा करतात, कुणी हॉस्टेलवर राहतात. घरची रोझरी सुटते, रविवारी क्लास असतो आणि आपल्याला काळजी वाटते, ह्यांची श्रद्धा टिकेल ना? अशा वेळी आपण फ्रेडरिक ओझानाम ह्यांची आठवण करू या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान येथे झाला. बालपण फ्रान्समधील लिऑन शहरात गेले. वडील डॉक्टर होते व गोरगरिबांची सेवा करीत. शाळेत असतानाच फ्रेडरिकच्या मनात श्रद्धेविषयी शंकांचे काहूर माजले. तत्त्वज्ञान शिकवणारे फादर न्वारो त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांना बरोबर फिरायला नेऊन त्यांनी त्यांचे प्रश्न ऐकून घेतले. हळूहळू मन शांत झाले. आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहण्याचा निश्चय फ्रेडरिकने केला.

१८३१ साली ते कायदा शिकायला पॅरिसला गेले. त्या काळी तेथील विद्यार्थ्यांमध्ये धर्माची टिंगल सर्रास चाले. अनोळखी शहरात त्यांना फार एकटे वाटे. थोर शास्त्रज्ञ अँपिअर ह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. विजेचा प्रवाह ज्यांच्या नावाने मोजतात, तेच हे अँपिअर. असे सांगतात की, एकदा खिन्न मनाने फ्रेडरिक चर्चमध्ये शिरले, तर कोपऱ्यात गुडघे टेकून अँपिअर रोझरी करीत होते! एवढा विद्वान माणूस प्रार्थना करतो, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

एक प्राध्यापक वर्गात ख्रिस्ती श्रद्धेवर टीका करीत. फ्रेडरिक व त्यांच्या मित्रांनी आरडाओरडा केला नाही. अभ्यास करून त्यांनी आपले आक्षेप लेखी मांडले, आणि प्राध्यापकांना त्यांची दखल घ्यावी लागली.

मात्र एका चर्चामंडळात एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्यांना बोचला. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल. पण आज तुम्ही स्वतः काय करता? ह्याला पुस्तकात उत्तर नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ते काही विद्यार्थी मित्र आणि बायी नावाचे वडीलधारे पत्रकार ह्यांच्यासह एकत्र जमले. हिवाळ्यासाठी ठेवलेले, उरलेले सरपण त्यांनी एका गरीब घरी नेऊन दिले, असे म्हणतात. सिस्टर रोझाली रान्दू ह्यांनी त्यांना झोपडवस्तीतील घरे दाखवली व गरिबांशी आदराने कसे वागावे हे शिकवले. ह्यातूनच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आज ती सुमारे १५० देशांत कार्य करीत आहे.

सेवेच्या नावाखाली त्यांनी अभ्यास मात्र टाळला नाही. १८३६ साली ते कायद्याचे व १८३९ साली साहित्याचे डॉक्टर झाले. पुढे सोरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४१ साली अमेली ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मारी नावाची मुलगी झाली. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते देवाघरी गेले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी, पॅरिसमध्ये जागतिक युवा दिनासाठी तरुण जमले असताना, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्य घोषित केले.

आपण पालकांनी ह्यातून काय घ्यावे? मुलाने शंका विचारली तर त्याला गप्प करू नये. फादर न्वारोंसारखे ऐकून घ्यावे. आपण उपदेश किती करतो ह्यापेक्षा आपल्याला गुडघे टेकलेले मुले कधी पाहतात का, हे महत्त्वाचे. आणि कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनो, तुम्हालाही कुणीतरी तोच प्रश्न विचारील. उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. आठवड्यातला एक तास काढा, एखाद्या मित्राला सोबत घ्या आणि आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या एकाकी आजीचे दार ठोठवा.

धन्य फ्रेडरिक ओझानाम, आमच्या विद्यार्थ्यांसाठी विनंती कर.