विश्लेषण : डोंबिवली स्थानकावर सुचलेली 'डेम्लो संख्या' काय आहे? कोण होते द. रा. कापरेकर?

१२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. गणितात तिला 'डेम्लो संख्या' म्हणतात. घाटकोपर-मुलुंडहून रोज कल्याण लोकल पकडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव डोंबिवली स्थानकावरून आले आहे?

कापरेकर कोण होते?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. ज्योतिषाचा नाद असलेल्या कारकून वडिलांनी त्यांना वाढवले. शाळा ठाण्यात, महाविद्यालय पुण्यातील फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ मध्ये बीएस्सी. पुढची पदवी मात्र घेतली नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते.

डेम्लो नाव का?

कापरेकरांच्या सांगण्यानुसार डोंबिवलीचे तेव्हाचे नाव डेम्लो. तत्कालीन जीआयपी रेल्वेच्या या स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. कागदावर उभा गुणाकार मांडला की कारण दिसते. प्रत्येक रकान्यात एकेक १ वाढत जातो, मधल्या रकान्यात नऊ होतात आणि मग उतार लागतो. दहावा १ जोडला की मात्र हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब, सममिती संपली.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. प्रोग्रामिंग शिकताना हर्षद संख्या ओळखण्याचा कोड आम्हीही लिहिला होता. हे नाव एका मराठी मास्तरांनी दिले आहे, हे कोणी सांगितले नाही.

मग दखल का घेतली गेली नाही?

देशातील अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. ही गंमत संख्येची कमी आणि दशमान पद्धतीत ती लिहिण्याची जास्त. संगणकाच्या ०-१ मध्ये हीच संख्या लिहिली तर डोंगर दिसत नाही. पण हातचा कधी येतो, नमुना नेमका कुठे मोडतो, हे शोधणे म्हणजेही गणितच. कापरेकर स्वतः पुस्तिका छापत राहिले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ हा प्रसिद्ध स्थिरांक मांडला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. त्या गावाचेही नाव त्यांनी संख्यांना दिले आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती देवळाली संख्या. २१ ही १५ मध्ये १ आणि ५ मिळवून होते. २० कशातूनच होत नाही.